बेळगावहून शिनोळी, मार्गे मुंबई

ताईला शिनोळीत दिली आहे. बेळगावातल्या आमच्या घरापासून तिचं घर वीस किलोमीटरच्या आत. वेंगुर्ला रोडला लागायचं. हिंडलगा, सुळगा, बाची, की आलीच शिनोळी. मध्येच कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो, पण पिकं तीच, माणसं तीच आणि बाजारही बेळगावचाच. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आई वैतागली. "एवढंसं अंतर, आणि आवाज कुठनं फिरून येतोय रे? मुंबईहून की काय?"

आई थट्टेने म्हणाली. मी एका कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क बघतो, त्यामुळे त्या रात्री कॉम्प्युटरलाच विचारून पाहिलं: आमच्या घरातून निघालेला डेटा ताईच्या इंटरनेट कंपनीपर्यंत कुठून कुठून जातो? यादी आली. आमचं घर, गल्लीतला ऑपरेटर, बेंगळूरु, मुंबई, आणि तिथून खाली कोल्हापूर जिल्ह्यात. वीस किलोमीटरसाठी दोनेक हजार किलोमीटरची वारी. आईचा अंदाज खरा निघाला. आवाज मागे पडण्याचं कारण मात्र ही वारी नव्हती. ते पुढे सांगतो.

अशी यादी ज्याला ज्याला दाखवली त्याने एकच विचारलं: एवढा वळसा घालायचं ठरवलं कुणी?

## पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नसतो

इंटरनेटवरून फोटो पाठवा की आवाज, तो अखंड जात नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात, साधारण दीड हजार बाइटांपर्यंतचे. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण पाकीटच म्हणू, कारण त्यावर खरोखरच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. जिथे रस्ते फुटतात तिथे बसून पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य वाटेला लावायचं, हे काम करणारं यंत्र म्हणजे राउटर. टीव्हीशेजारी दिवे लुकलुकत असलेली आपल्या घरातली डबीही राउटरच, पण तिचं काम सोपं. बाहेर जायला तिला एकच दार आहे. खरी परीक्षा पुढच्यांची, ज्यांना अशी पन्नास दारं असतात.

आणि गंमत अशी की, यांपैकी कुठलाही राउटर पूर्ण रस्ता ठरवत नाही. मोबाईलमध्ये नकाशे यायच्या आधी आपण परगावी जायचो, तसंच हे. बेळगावच्या स्टँडवर कुणाला "सावंतवाडी?" म्हणून विचारलं तर तो म्हणणार, "वेंगुर्ला रोडला लागा, पुढं विचारा." चंदगडच्या बाजूला दुसरा सांगणार, "आंबोलीकडं जावा." प्रत्येकाला पुढचं वळण तेवढं ठाऊक. सगळे बरोबर सांगत असले तर माणूस पोचतो. दोघांनी एकमेकांकडेच बोट दाखवलं तर मात्र त्या दोन फाट्यांमध्ये दिवसभर येरझाऱ्या.

पाकिटांच्या बाबतीतही असं घडतं, म्हणून प्रत्येक पाकिटावर एक आकडा घातलेला असतो. बहुतेक वेळा ६४ किंवा १२८. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पाकीट टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेली पाकिटं जन्मभर फिरत राहिली असती.

## पिनकोडचं गणित

पाकिटावरच्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो म्हणजे नुसता आकडा. जुन्या पद्धतीचे असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. एवढे सगळे राउटरने पाठ करायचे म्हटले तर वेड लागेल. टपालखात्याने हीच अडचण १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आणून सोडवली. दिल्लीत पत्रं निवडणाऱ्याला निपाणी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. ५९१२३७ मधला पहिला ५ बघून तो पत्र दक्षिणेच्या थैलीत टाकतो. पुढे कुणी ५९१ बघून ते बेळगाव जिल्ह्याकडे लावतो, आणि शेवटचे आकडे बघायची वेळ निपाणीच्या जवळ आल्यावर येते. (चंदगडचा पिन ४१६ ने सुरू होतो. म्हणजे शेजारच्या तालुक्याची वाट पहिल्याच आकड्याला वेगळी होते.)

राउटरही पत्त्यांचे असे सलग गट लक्षात ठेवतात. मी त्याला पट्टा म्हणतो, जमिनीच्या पट्ट्यासारखा. जगभरचे जुन्या पद्धतीचे सगळे पट्टे मिळून यादी आज दहा लाखांच्या घरात गेली आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ही यादी ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेली आणि तेवढ्याच नोंदींची जागा असलेले कित्येक जुने राउटर गडबडले. जागोजागी इंटरनेट अडखळलं. वहीची पानं संपली, दुसरं काही नाही.

इथे एक नियम ध्यानात ठेवा. एकच पत्ता दोन पट्ट्यांत बसत असेल, तर जो पट्टा लहान, तो खरा मानायचा. 'बेळगाव जिल्हा' आणि 'निपाणी' अशा दोन थैल्या समोर असतील तर निपाणीचं पत्र निपाणीच्याच थैलीत जाणार. नियम शहाणपणाचा आहे. त्यानेच एकदा घात केला, तेही येईल.

## घरच्या घरी: सगळ्यांकडे एकच नकाशा

आता एकाच कंपनीच्या जाळ्याचा विचार करू. सगळे राउटर एकाच मालकाचे. त्यांच्यात आपसांत चोरून ठेवण्यासारखं काही नाही.

बेळगावच्या टिळकवाडीतली रेल्वे गेटं आठवा: पहिलं, दुसरं, तिसरं. समजा, शहरातल्या प्रत्येक चौकात वायरलेस घेतलेला एक पोलीस उभा आहे आणि तो फक्त आपल्या चौकाची खबर देतो: "माझ्याकडून पहिल्या गेटला तीन मिनिटं, गोगटे सर्कलला पाच." ही खबर बाकीचे सगळे जशीच्या तशी पुढे सांगतात, पदरचं काही घालत नाहीत. क्षणभरात प्रत्येक पोलिसाच्या डोक्यात शहराचा एकच नकाशा तयार होतो. मग ज्याने त्याने आपल्या चौकापासून प्रत्येक ठिकाणची सर्वांत स्वस्त वाट काढायची. दुसरं गेट बंद झालं तर तिथला पोलीस तेवढी एक ओळ सांगतो आणि सगळे पुन्हा हिशोब मांडतात. चांगल्या जाळ्यात हे सगळं सेकंदाच्या आसपास उरकतं.

या पद्धतीचं नाव ओएसपीएफ. कॉलेजच्या लॅबपासून मोठ्या टेलिकॉम कंपन्यांपर्यंत ही किंवा हिची सख्खी बहीण शोभेल अशी पद्धत वापरतात. वाट काढायचा हिशोब डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले असताना कॉफी पीत बसले आणि वीसेक मिनिटांत कागद-पेन्सिलशिवाय हा हिशोब जुळवला, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. छापला १९५९ साली.

'स्वस्त' म्हणजे किती, हे किलोमीटरवर ठरत नाही. इंजिनिअर प्रत्येक तारेला एक वजन देतो. जाड, जास्त डेटा वाहणाऱ्या तारेला कमी वजन, बारीक तारेला जास्त. एखाद्या तारेवर रात्री काम करायचं असेल तर आधी तिचं वजन मुद्दाम भरमसाट वाढवून ठेवतात, म्हणजे वाहतूक आपोआप दुसरीकडे वळते. विसर्जनाच्या दिवशी कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते वाहनांना बंद करतात, तसं.

पद्धत सुंदर आहे. पण तिला दोन अटी आहेत: कुणी खोटं बोलायचं नाही, आणि प्रत्येकाने आपला नकाशा उघडा ठेवायचा. अशा अटी घरात चालतात, गावात नाही.

## संस्थानांची हद्द

शहापूर आज बेळगाव शहरातच आहे. स्वातंत्र्याआधी मात्र बेळगाव ब्रिटिश मुलखात आणि शहापूर सांगली संस्थानात. चालत चालत एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलं की राज्य बदलायचं, कायदे बदलायचे.

इंटरनेट आजही तसंच आहे. ते एक जाळं नाही. जगभरातल्या सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र जाळ्यांची ती गाठोडी आहे. टेलिकॉम कंपन्या, बँका, विद्यापीठं, गुगल, फेसबुक, सगळी वेगवेगळी संस्थानं. तांत्रिक भाषेत त्यांना ऑटोनॉमस सिस्टिम म्हणतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. आत कुठल्या पद्धतीने वाटा काढायच्या, कुणाला वाट द्यायची, कुणाला नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वर कुणी सम्राट नाही.

अशी संस्थानं एकमेकांशी बोलतात त्या भाषेला बीजीपी म्हणतात, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल: हद्दीवरच्या दरवाजाचे नियम. नावातच बॉर्डर. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये! जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन इथे एका बैठकीत कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघा इंजिनिअरांनी जेवताना हात पुसायच्या कागदांवर याचा पहिला आराखडा खरडला. तात्पुरती सोय म्हणून. १९९४ साली आलेली त्याची चौथी आवृत्ती डागडुजी करत करत आजही आख्खं जग चालवते. आपल्याकडे तात्पुरती म्हणून टाकलेली पत्र्याची शेड पुढे तीस वर्षं उभी राहते, तसंच म्हणायचं.

बीजीपीमध्ये कुणी कुणाला नकाशा दाखवत नाही. फक्त एसटीची पाटी लावतात. 'बेळगाव-कोल्हापूर, मार्गे संकेश्वर, निपाणी.' पाटीवर शेवटचं ठिकाण आणि मधली गावं, बस्स. संस्थानाची पाटीही अशीच: 'अमुक पट्ट्याकडे जायचंय? माझ्याकडे द्या. मार्गे ब, मार्गे क.' शेजाऱ्याला ती पटली तर तो स्वतःचं नाव पुढे जोडून त्याच्या शेजाऱ्याला दाखवतो. अशी पाटी हातोहात जगभर फिरते. एखाद्याला पाटीत स्वतःचंच नाव दिसलं तर तो ती लगेच फेकतो, कारण त्या वाटेने गेलं तर फिरून आपल्याच दारात यायचं. इतक्या साध्या युक्तीने येरझाऱ्या टळतात.

## जवळची वाट सोडून लांबची का?

कारण हद्दीवर अंतर विचारतच नाहीत. तिथे आधी व्यवहार बघतात.

संस्थानांची नाती मुख्यतः दोन प्रकारची. एक, पैसे देऊन घेतलेली वाट. आमच्या गल्लीतला ऑपरेटर एका मोठ्या कंपनीकडून घाऊक भावाने इंटरनेट घेतो आणि आम्हाला किरकोळीत विकतो. दुसरं नातं बरोबरीच्यांचं: तू माझ्या गिऱ्हाइकांची पाकिटं फुकट घे, मी तुझ्या गिऱ्हाइकांची घेतो. आमच्याकडे शेतात याला पैरा म्हणतात. आज तुझ्या पेरणीला माझे बैल, उद्या माझ्या पेरणीला तुझे. गंमत म्हणजे इंटरनेटवाले याला पिअरिंग म्हणतात; कानाला जवळपास पैराच.

आता एकाच ठिकाणी जायच्या तीन पाट्या समोर आल्या, तर संस्थान कुठली उचलेल? आधी आपल्या गिऱ्हाइकाकडून जाणारी, कारण तिथे पैसे मिळतात. ती नसेल तर पैऱ्याची, कारण फुकट. आणि अगदीच नाइलाज झाला तर घाऊकवाल्याची, कारण तिथे आपण मोजतो. हे सगळं झाल्यावर मग 'मार्गे'त कमी नावं कुठे आहेत ते बघायचं. एका संस्थानात पाकीट दोन किलोमीटर गेलं की दोन हजार, पाटीवर नाव एकच.

शिवाय पैऱ्यातल्या एकाकडून कळलेली वाट पैऱ्यातल्या दुसऱ्याला सांगत नाहीत. माझे बैल तुझ्या शेतात येतील. तुझ्या साडूच्या शेतात फुकट का येतील?

आता शिनोळी बघा. आमचा ऑपरेटर आणि ताईच्या गावचा ऑपरेटर यांच्या तारा कदाचित पाच-सात किलोमीटरवर येऊन थांबत असतील. पण त्यांच्यात ना पैरा, ना विकत घेणं. टेलिकॉमच्या हिशोबात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, शिनोळी महाराष्ट्र सर्कलमध्ये. (पूर्वी हद्दीवर फोनने पलीकडच्या टॉवरची रेंज पकडली की घरात बसल्या बसल्या रोमिंग लागायचं, ते आठवत असेलच.) या दोघांचे घाऊकवाले वेगळे, आणि ते दोन मोठे एकमेकांना भेटतात ते मुंबईत. अशा भेटीसाठी मोठ्या शहरांत एक्स्चेंज असतात: एका इमारतीत अनेक संस्थानांचे राउटर येऊन बसतात आणि आठवडी बाजारासारखी देवाणघेवाण करतात. भारतात यासाठी निक्सी ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दोन भारतीय कंपन्यांमधली पाकिटंही कित्येकदा परदेशात जाऊन परत यायची. त्या मानाने आमची मुंबईवारी काहीच नाही.

तार असणं आणि वाट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याकडच्या माणसाला एका उदाहरणात पटतं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. हायवेचं डांबर जागेवर, डेपोत गाड्या उभ्या, ड्रायव्हर हजर. तरी बेळगावहून बसने कोल्हापूर गाठता येईना. बीजीपी हा त्या परवानगीचा कारभार आहे, डांबराचा नाही.

आणखी एक खोड. पाकीट दुसऱ्याच्या हद्दीत जायचंच असेल तर बरीचशी संस्थानं ते सर्वांत जवळच्या वेशीवरून बाहेर ढकलतात. शेतात साचलेलं पाणी आपल्या बांधाबाहेर काढलं की झालं, पुढचं शेजारी बघेल. परतीच्या पाकिटाला पलीकडचा मालकही तेच करतो. त्यामुळे जायची वाट आणि यायची वाट सहसा एक नसते. गोव्याला जाताना चोर्ला घाट, येताना अनमोड. एका दिशेने आवाज स्वच्छ आणि दुसरीकडून तुटक, असं का होतं याचं एक कारण हेही.

## मग आवाज त्यामुळेच मागे पडत होता?

नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. दोन हजार किलोमीटरला त्याला एक शतांश सेकंद लागतो, जाऊन येऊन दोन शतांश. आईच्या कानाला हे कळणं शक्य नाही.

उशीर होतो तो रांगेत. कोगनोळी टोलनाका ओलांडायचं अंतर किती? शंभर मीटर. वेळ किती लागतो, ते पुढे किती ट्रक उभे आहेत त्यावर. राउटरच्या दारातही पाकिटांची अशीच रांग लागते, आणि रांग फार वाढली की मागची पाकिटं तो टाकून देतो. ताईकडे तर नाका घरातच होता. वायफायची डबी सोप्यात, ती बोलत होती मागच्या स्वयंपाकघरातून, मध्ये दोन जाड मातीच्या भिंती. बाहेर सोप्यात येऊन बसली आणि ओठ-शब्द जुळले. 'जास्त स्पीडचा प्लॅन घ्या' असं ऑपरेटर तिला सांगत होता. जास्त स्पीड म्हणजे रुंद रस्ता. तो जवळचा होत नाही, आणि त्याने भिंतही पडत नाही.

## शेजाऱ्याने खोटी पाटी लावली तर?

इंटरनेटचं सगळ्यात नाजूक दुखणं हेच. बीजीपी जन्मला तेव्हा संस्थानं मोजकी होती आणि चालवणारे एकमेकांना ओळखत होते. पाटी खरी आहे का हे तपासायची सोयच ठेवली नाही.

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायचा हुकूम काढला. पाकिस्तान टेलिकॉमने एक सोपी वाट काढली: यूट्यूबच्या पत्त्यांची पाटी आपल्याच दारावर लावायची, म्हणजे देशातली पाकिटं इथे येतील आणि फेकून देता येतील. पाटी देशापुरतीच हवी होती. ती चुकून हाँगकाँगच्या घाऊकवाल्याकडे गेली, त्याने न तपासता पुढे दिली, आणि काही मिनिटांत जगभर पसरली.

आता लहान पट्ट्याचा नियम आठवा. यूट्यूबची स्वतःची पाटी १,०२४ पत्त्यांच्या पट्ट्याची होती. पाकिस्तानची त्याच्याच आतल्या २५६ पत्त्यांची. लहान पट्टा खरा! जगातल्या राउटरांनी नियमाला धरून, अत्यंत प्रामाणिकपणे, यूट्यूबची पाकिटं पाकिस्तानकडे वळवली. सुमारे दोन तास जगात बहुतेक ठिकाणी यूट्यूब दिसेना. सुटकेसाठी यूट्यूबनेही त्याच नियमाचा आधार घेतला आणि आणखी लहान पट्ट्यांच्या पाट्या लावल्या.

यावर इलाज निघाला आहे आणि तो आपल्याला ओळखीचा वाटेल. जमीन घेताना आपण शब्दावर जात नाही, उतारा बघतो. शिनोळीत सातबारा, बेळगावात आरटीसी. तसा प्रत्येक पट्ट्याचा डिजिटल सही असलेला उतारा आता काढता येतो: हा पट्टा अमुक क्रमांकाच्या संस्थानाचा. या व्यवस्थेला आरपीकेआय म्हणतात. पाटी आली की उतारा बघायचा, नाव जुळलं नाही तर पाटी फेकायची. २०२४ मध्ये जगातल्या निम्म्याहून जास्त पट्ट्यांचे उतारे तयार झाले. पण उताऱ्यावर शेवटचा मालक कळतो. मधली 'मार्गे'ची नावं खरी की खोटी हे कळत नाही. आणि उतारा असून तो न बघणारे लोक जमिनीच्या व्यवहारात असतात तसे इथेही आहेत.

## स्वतःच्या हाताने पाटी पुसली तर?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊ वाजून गेलेले. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गप्प. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी राउटर बंद-चालू करून पाहिला, दोघांनी रिचार्ज मारला. मला फोन आले ते वेगळेच.

फेसबुकच्या इंजिनिअरांनी देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. अशी चुकीची आज्ञा अडवायला एक तपासनीस प्रोग्रॅम होता, त्यातच दोष निघाला. पुढचं अधिक मजेशीर. फेसबुकच्या नावावरून पत्ता सांगणारे त्यांचे सर्व्हर डेटा सेंटरशी बोलणं तुटलं की 'आपण आजारी आहोत' असं मानून आपल्या बीजीपी पाट्या स्वतःच काढून घ्यायचे. सगळ्यांनी एकदम काढल्या. सर्व्हर धडधाकट होते, वीज होती, तारा होत्या. त्यांच्याकडे जायची पाटी जगात कुठेही उरली नाही. दुरूनच दुरुस्त करावं तर ती वाटही त्याच जाळ्यातून जाणारी. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. सगळं सुरळीत व्हायला सहाएक तास गेले.

## गुगल मॅपसारखी मोकळी वाट का निवडत नाहीत?

हा प्रश्न मला विद्यार्थी दर वर्षी विचारतात. गुगल मॅपकडे सगळ्यांच्या फोनची खबर एकाच ठिकाणी येते. इंटरनेटवर आपली आतली खबर द्यायला कुठलंही संस्थान तयार नाही. ते धंद्याचं गुपित.

आणि खबर मिळाली तरी सगळं सोपं होत नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर १९७९ पासून गर्दी मोजून वाट बदलायची पद्धत होती. गर्दी वाढली की सगळे राउटर एकदम दुसऱ्या वाटेला धावायचे, मग ती तुंबायची, पहिली ओस पडायची, की पुन्हा सगळे पहिलीकडे. १९८७ मध्ये हा हिशोब सौम्य करावा लागला. बीजीपीने तर गर्दी बघायचीच नाही असं ठरवलं. वाट सुरू आहे की बंद, एवढंच त्याला कळतं.

त्यामुळेच केबल तुटली की इंटरनेट 'बंद' पडत नाही, 'संथ' होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं. बीजीपीने आपलं काम चोख केलं होतं, दुसऱ्या वाटा लावून दिल्या होत्या. पण आंबोलीत दरड कोसळल्यावर सगळी वाहनं चोर्ल्याला वळवली तर चोर्ल्याचं काय होईल? घाट तेवढाच, वळणं तेवढीच. गावात तर यालाही अपवाद: रस्ता रुंद करताना जेसीबीने ऑपरेटरची एकुलती एक ओएफसी, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, तोडली, तर दुसरी वाटच नसते. तेव्हा बीजीपी काय करणार? जोडारी येईपर्यंत थांबायचं.

आणि हो, पाकिटं एवढ्या परक्या संस्थानांतून जातात तर मधले लोक वाचत नाहीत का, हे आई विचारतेच. कुलूप लावलेलं असलं तर नाही. व्हॉट्सअॅपचे संदेश, बँकेची साइट, हे बंद पाकिटात जातं. मधल्याला कुठून कुठे चाललंय ते दिसतं, आत काय आहे ते नाही.

## तुमची पाकिटं कुठून जातात?

घरच्या कॉम्प्युटरवरही हे बघता येतं. आज्ञेचं नाव ट्रेसरूट (traceroute). विंडोजमध्ये तिचं आखूड रूप ट्रेसर्ट (tracert). १९८०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती लिहिली आणि त्यासाठी पाकिटावरच्या त्या उलट मोजणाऱ्या आकड्याचा झकास वापर केला. पहिलं पाकीट १ आकडा घालून पाठवायचं. पहिल्याच राउटरवर त्याचं शून्य होतं आणि तो 'तुमचं पाकीट इथे मेलं' असा निरोप परत पाठवतो. निरोपावर त्याचा पत्ता असतोच. मग २ घालून, मग ३. मरणाऱ्या पाकिटांच्या निरोपांवरून वाट उलगडत जाते.

यादीत राउटरांच्या नावांत कधी विमानतळाची अक्षरं लपलेली असतात: बीएलआर दिसलं तर बेंगळूरु, बीओएम दिसलं तर मुंबई. प्रत्येक ओळीपुढे जाऊन-येऊन लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. एका ओळीपासून तो एकदम वाढला आणि पुढच्या सगळ्या ओळींत वाढलेलाच राहिला, तर अडचण बहुधा तिथे आहे. ऑपरेटरला फोन करताना तीच ओळ वाचून दाखवा. मधल्या एकाच ओळीत वाढून पुढे कमी झाला तर सोडून द्या. तो राउटर पाकिटं पुढे नेण्यात गुंतलेला आहे, तुम्हाला निरोप लिहायला त्याला सवड नाही. आणि एखाद्या ओळीत वेळेच्या जागी नुसत्या चांदण्या (*) आल्या तर घाबरू नका. काही राउटरांना अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही असं बजावून ठेवलेलं असतं.